खंडेनवमीला पुजतो ती जुनी तोडेदार बंदूक : पॉलिश करू का? आणि घरात ठेवलेली चालते का?

गडहिंग्लजकर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहतो, मूळ गाव गडहिंग्लज तालुक्यात. गावातलं जुनं घर पाडायचं ठरलंय, आम्हा चार चुलत भावांत वाटण्या झाल्या, समया, हंडे, जातं सगळं वाटून झालं आणि शेवटी राहिली ती बंदूक. ही बंदूक आमच्याकडे किती पिढ्या आहे ते कुणालाच सांगता येत नाही. वर्षभर माळ्यावर धोतरात गुंडाळलेली असते, खंडेनवमीला खाली काढायची, पुसायची, हळदकुंकू, झेंडूची माळ, समोर उदबत्ती आणि कापूर, दुसऱ्या दिवशी परत वर. मी लहानपणापासून एवढंच बघितलंय.

दिसायला सांगतो, फोटो पण टाकतो. लांबी सव्वापाच फूट भरते. नळीच्या तोंडाला वाघाचं डोकं केलंय, जबडा उघडा आहे, कान मागं पडलेत, म्हणजे गोळी वाघाच्या तोंडातूनच बाहेर पडणार. नळीवर मागच्या बाजूला सोन्यासारख्या पिवळ्या वेली आहेत, अर्ध्या झिजल्यात. लाकडाला नळी स्क्रूने नाही तर चामड्याच्या पट्ट्यांनी आणि तारेनं बांधलीय, दोन पट्ट्या तुटल्यात. बुडाशी टिंबाटिंबांनी काहीतरी नागरीत कोरलंय, त्यातला फक्त "श्री" लागतो.

आता माझा चुलतभाऊ म्हणतोय की उद्यमनगरात नेऊन बफ मारून आणतो, आरशागत चमकवतो आणि नवीन घराच्या हॉलमध्ये लावू. एक जुन्या वस्तू घेणारा माणूस येऊन गेला, तो १८ हजार देतो म्हणाला आणि सांगितलं की शिवकालीन आहे. लायसन वगैरे आमच्याकडे काहीच नाही, कधी नव्हतंच. मला तीन गोष्टी सांगा, पॉलिश करावी का, घरात ठेवलेली चालते का, आणि खरंच शिवकालीन असेल का? वाटण्या पुढच्या आठवड्यात पुऱ्या करायच्यात म्हणून घाई आहे.

बफवाला_उद्यमनगर

भावा, मी हेच काम करतो, पंधरा वर्षं झाली, पंपाचे पार्ट, व्हॉल्व्ह, भांडी सगळं बफ करतो, त्यामुळं माझं गिऱ्हाईक तोडून सांगतोय की नको. मागं एकानं आजोबांची कट्यार आणली होती, मुठीवर असल्याच सोन्याच्या वेली होत्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, मी चाकावर धरली आणि दोन मिनिटांत वेली गेल्या. पोलाद चकचकीत झालं पण कोरी प्लेट राहिली. त्या माणसानं हातात घेऊन बघितली, पैसे दिले, काही बोलला नाही. ते त्याचं न बोलणं मला अजून टोचतंय. तेव्हापासून कुणी जुनं हत्यार आणलं की मी हात लावत नाही. बफ म्हणजे वरचा थर खरवडून काढणं, तिथं जे काही लिहिलेलं, जडवलेलं असेल ते सगळं त्या थरातच असतंय.

रंजकदाणी

गडहिंग्लजकर, तुम्ही सगळं व्यवस्थित लिहिलंत पण तुमच्या पहिल्या परिच्छेदातल्या एका वाक्यानं माझी झोप उडवलीय. समोर उदबत्ती आणि कापूर. ही बंदूक भरलेली नाही हे तुम्ही कधी तपासलंय का?

मी गेली तीसेक वर्षं जुनी हत्यारं बघतोय, आणि ठासणीच्या बंदुकांच्या बाबतीत पहिला नियम हाच की ती भरलेलीच आहे असं धरून चालायचं. पूर्वी बंदूक भरून ठेवायचे, वेळेला कुठं दारू ओता, गोळी टाका, काथ्या ठासा करत बसणार, आणि मग भरलेली तशीच माळ्यावर जायची. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनी सुद्धा जिवंत असते. आणि तोडेदार बंदुकीला बार काढायला चापाची सुद्धा गरज नाही, कानाच्या भोकाशी ठिणगी गेली की बास.

कसं चालतं ते सांगतो म्हणजे धोका कुठं आहे ते कळेल. नळीच्या मागच्या टोकाला उजव्या बाजूला एक छोटी वाटी असेल, तिच्यात बारीक दारू घालायची, तिला रंजक म्हणायचं. वाटीच्या तळाशी नळीत जाणारं भोक असतं, तो कान. दस्त्यातून वर आलेला एक वाकडा चिमटा असतो, त्यात जळती दोरी, म्हणजे तोडा, अडकवायची. चाप दाबला की चिमटा पुढं झुकतो, तोडा रंजकेत टेकतो, रंजक पेटते, ज्वाळा कानातून आत जाते आणि बार होतो. ना चकमकीचा दगड, ना ठोक्यानं पेटणारी टोपी. म्हणून उदबत्ती वाचल्यावर मी घाबरलो.

तपासायचं असं. तोंडासमोर कुणी उभं राहू नका, नळी रिकाम्या भिंतीकडे. लोखंडी गज वापरू नका. एक सरळ बांबूची किंवा लाकडाची काठी हळूच आत सोडा, जिथं टेकेल तिथं तोंडापाशी पेनानं खूण करा. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून तशीच धरून बघा की काठीचं टोक कानाच्या भोकापर्यंत पोचतंय का. पोचलं तर रिकामी. चार-सहा बोटं अलीकडंच थांबलं तर आत काहीतरी आहे. उकरायचं नाही, ठोकायचं नाही, मला इथं कळवा.

आता बाकीचं. त्या पिवळ्या वेली म्हणजे कोफ्तगारी. पोलादावर आधी बारीक सुरीनं आडव्या-उभ्या रेघा मारून पृष्ठभाग खरखरीत करतात, त्या खरखरीत भागावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवतात आणि मग घोटून सपाट करतात. म्हणजे सोनं कुठं चिकटवलेलं नसतं, त्या रेघांनी नुसतं धरून ठेवलेलं असतं. झिजलेल्या जागी भिंग लावून बघा, जाळीसारख्या बारीक रेघा दिसल्या तर काम खरं आहे. सोनेरी रंग किंवा मुलामा असेल तर खाली गुळगुळीत पोलाद दिसेल. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एखाद्या जुन्या कारागिराला फोटो दाखवला तरी सांगेल. पंजाबात, आताच्या पाकिस्तानात, सियालकोट आणि गुजरात ही गावं या कामासाठी नावाजलेली होती, पण कारागीर फिरते होते, त्यामुळं नुसत्या वेलीवरून गाव ठरवता येत नाही.

शिवकालीन म्हणाल तर, आपल्याकडं सापडलेली प्रत्येक जुनी बंदूक शिवकालीनच होते. तोडेदार बंदूक ही आपल्या देशात १६ व्या शतकापासून १९ व्या शतकापर्यंत जवळपास त्याच बांध्याची होत राहिली. युरोपात चकमकीची आली, मग १८२०-३० च्या सुमारास टोपीची आली, तरी आपले लोक तोडाच वापरत राहिले कारण चकमकीचं यंत्र बिघडलं तर गावचा लोहार दुरुस्त करू शकत नव्हता, तोडा मात्र कुणीही वळू शकत होता. त्यामुळं बांध्यावरून शंभर-दीडशे वर्षांचा फरक सुद्धा कळत नाही. कोण म्हणतंय त्यापेक्षा बंदूक काय म्हणते ते महत्त्वाचं, आणि तुमची बंदूक त्या टिंबांच्या अक्षरांतून बोलतेय.

ती अक्षरं सगळ्यात मोलाची. राजस्थानातल्या बिकानेरच्या जुनागड किल्ल्यातल्या शस्त्रांवर अशीच टिंबांनी नागरी अक्षरं आहेत. १६८९ ला महाराजा अनूपसिंहांनी दख्खनेतलं अदोणी घेतलं तेव्हा तिथली हत्यारं बिकानेरला गेली आणि त्यांच्यावर तसं कोरलं गेलं, म्हणून आज आपल्याला ठामपणे सांगता येतं की हे हत्यार अमुक साली दख्खनेत होतं. ती टिंबं कुणी बफ केली असती तर ती नुसती जुनी लोखंडं राहिली असती. तुमच्यावरचं वाचायला पांढरी पावडर, खडू काही चोळू नका, अंधार करा, टॉर्च बाजूनं आडवा धरा आणि फोटो काढा.

कोर्टरोड

कायद्याचं मी सांगतो, वकिली करतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ आहे, त्यात जुन्या पद्धतीचं किंवा पुरातन मूल्य असलेलं किंवा मोडकं हत्यार कायद्यातून सुटतं, पण अट अशी आहे की ते दुरुस्त करून सुद्धा बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. लोक पहिली अर्धी ओळ वाचतात आणि निर्धास्त होतात. तुमची नळी शाबूत, कान उघडा आणि चाप हलता असेल तर ती उद्या उडू शकते, मग नुसती जुनी आहे म्हणून सुटत नाही. ते आपण ठरवायचं नसतं, तपासणारा ठरवतो आणि लेखी देतो. ठासणीची असो नाहीतर काडतुसाची, चालू बंदुकीला लायसन लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका, वारशानं आलेल्या धरून.

काय करायचं, तर बंदूक पिशवीत घालून मोटरसायकलवरून पोलीस स्टेशनला नेऊ नका, वाटेत अडवलं तर तुम्हीच अडचणीत. आधी फोटोसह लेखी अर्ज द्या की वडिलोपार्जित आहे, देवघरात पूजेला असते, घर पाडताना कागद करून घ्यायचाय. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ते येऊन बघतील, पंचनामा करतील, कदाचित जमा करून घेतील, तर पावती घ्या. स्वतः होऊन कळवणारा आणि धाडीत सापडणारा यात फार फरक पडतो. सोबत माहितीतला वकील असू द्या.

दुसरं, १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू आपल्याला परदेशात पाठवता येत नाही आणि असल्या वस्तूंचा धंदा करायला लायसन लागतं. त्या १८ हजारवाल्याला ते दाखव म्हणा. नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.

गडहिंग्लजकर

सगळ्यांचे आभार. आज गावाला गेलो होतो. रंजकदाणी काकांनी सांगितल्याप्रमाणं घरातल्या सगळ्यांना परसात पाठवलं आणि चुलतभावानं बांबूची काठी सोडली, त्याचा हात थरथरत होता. काठी टेकली, खूण केली, बाहेर धरली. कानापासून पाच बोटं अलीकडंच थांबलीय. तीनदा केलं, तीनदा तेवढंच.

काका, मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून त्या वाटीच्या शेजारी उदबत्ती लावतोय. मुलगी गेल्या वर्षी त्याच्यासमोर कापूर ओवाळत होती. आता काय करू?

रंजकदाणी

शांत व्हा, आतापर्यंत काही झालेलं नाही आणि आता तुम्हाला माहितीय. बंदूक आडवी ठेवा, तोंड बाहेरच्या जाड भिंतीकडं, त्या खोलीत दिवा, बिडी, गॅस काही नको, खोलीला कुलूप. ऊन लागू देऊ नका. कुणी यूट्यूब बघून बार काढायला बसू नका, माझ्या माहितीतल्या एका हौशी माणसाची दोन बोटं अशीच गेली. कोर्टरोड यांनी सांगितलेल्या अर्जात हे वाक्य स्पष्ट घाला की बंदूक भरलेली असल्याचा संशय आहे, मग ते हत्यारांचा जाणकार कारागीर घेऊन येतील.

पंचगंगा_घाट

एवढं चाललंय तर एक विचारतो. टिपूची बंदूक लंडनला कोट्यवधीत गेली असं वाचलं होतं. ह्यांच्या बंदुकीला पण वाघाचं तोंड आहे, म्हणजे १८ हजार म्हणजे लूटच की. गडहिंग्लजकर, नशीब उघडलं तुमचं.

रंजकदाणी

टिपूचं खरं आहे, २०१५ ला लंडनला त्याच्या हत्यारांचा एक संग्रह गेला, सगळा मिळून ६० लाख पौंडांच्या वर. पण तिथं काही वस्तूंमागं १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यापासूनचा कागद होता की कुठल्या अधिकाऱ्यानं नेली, कुणाच्या घरात राहिली. वाघाचं तोंड दख्खनेत आणि दक्षिणेत पुष्कळ बंदुकांना आहे, टिपूच्या हत्यारांवर त्याच्या वाघाच्या पट्ट्यांची खास नक्षी असते, ती वेगळीच ओळखू येते. यांच्या बंदुकीवर ती मला फोटोत दिसत नाही.

किंमत नक्षीत किती आणि गोष्टीत किती, याचं एक उदाहरण सांगतो. २०२१ ला अमेरिकेत एक कोल्ट रिव्हॉल्व्हर ६० लाख डॉलरच्या वर गेलं. त्याच्यावर नक्षीचा एक टिपूस नाही, कुठल्याही शेतकऱ्याकडं असायचं तसलं साधं रिव्हॉल्व्हर. पण पॅट गॅरेट नावाच्या शेरीफनं १८८१ ला त्याच रिव्हॉल्व्हरनं बिली द किड या गाजलेल्या गुंडाला मारलं होतं, आणि तेव्हापासून ते कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं त्याचा माग होता. आणि २०२४ ला फ्रान्समध्ये नेपोलियनची पिस्तुलांची जोडी गेली, ती मात्र सोन्याचांदीनं मढवलेली, १६ लाख युरोच्या पुढं. १८१४ ला गादी सोडायच्या वेळी तो त्याच पिस्तुलांनी जीव देणार होता, पण कोलँकूर नावाच्या त्याच्या विश्वासू माणसानं आतली दारू आधीच काढून ठेवली होती. पुढं नेपोलियननं ती पिस्तुलं त्यालाच दिली, त्याच्या वारसांनी सांभाळली, म्हणून गोष्ट टिकली. फ्रान्स सरकारनं लिलावाआधीच ती राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर करून देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली.

म्हणून गडहिंग्लजकर, किमतीचा विचार सोडा आणि ज्यांना आठवतंय त्यांना आज विचारून घ्या. घरात सगळ्यात म्हातारं कोण आहे? मोबाईलवर रेकॉर्ड करा. पाडापाडीत ते धोतर सुद्धा फेकू नका, त्याच्यावर एखाद्या गिरणीचा शिक्का असेल.

भुदरगडचा_पायथा

रंजकदाणी काकांच्या बोलण्यात एक भर. आपल्या भागात बंदुका माळ्यावर का गेल्या त्याला इतिहास आहे. १८४४ ला गड राखणाऱ्या गडकऱ्यांचं बंड झालं, सामानगड, भुदरगड, पन्हाळा सगळीकडं पेटलं, सामानगड तर गडहिंग्लजपासून हाकेच्या अंतरावर. मग ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात इंग्रजांच्या फौजेतली २७ वी पलटण बंड करून उठली. त्यानंतर इंग्रजांनी या सगळ्या मुलखातनं हत्यारं काढून घ्यायला सुरवात केली आणि १८७८ ला तर देशभर कायदाच आला की परवान्याशिवाय हत्यार नको. तेव्हा ज्याच्या त्याच्या घरात जे होतं ते एकतर जमा झालं नाहीतर कडब्यात, माळ्यावर, भिंतीत गेलं. आमच्या आजोळी एक तलवार भिंत पाडताना मिळाली, गंजून पार पापड झालेली. तुमची एवढी चांगली राहिलीय ती त्या वर्षाच्या एका दिवसाच्या पुसण्यामुळं.

बफवाला_उद्यमनगर

मग पुसायची कशानं ते पण सांगा की कुणीतरी. माझ्याकडं लोक येतात त्यांना मी नुसतं नको म्हणतो, काय करा ते सांगता येत नाही.

रंजकदाणी

चांगलं विचारलंत. चिंच-मीठ, लिंबू, राख, पॉलिश पेपर, ॲसिड काही नाही. मऊ सुती फडकं, यंत्राचं हलकं तेल अगदी दोन थेंब, सैल गंज तेवढा निघेल, काळसर पडलेला थर तसाच राहू द्यायचा, तो पोलादाला जपतो. हातात सुती मोजे, कारण बोटाच्या घामाचा ठसा चार दिवसांत गंज होऊन वर येतो. लाकडाला तेल नको. तुटलेल्या चामड्याच्या पट्ट्या बदलू नका, ज्या आहेत त्या सुटू नयेत म्हणून सुती नाडीनं सैल बांधा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, चामड्याच्या म्यानात तर अजिबात नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात आत दमटपणा कोंडतो आणि एका मृग-आर्द्रात नळी खलास होते. आणि बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, तिला ओल येते. हे सगळं अर्थात आतला बार निघाल्यावर.

गडहिंग्लजकर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

अर्ज दिला, पोच घेतली. सुरवातीला दोन दिवस नुसतं बसवून ठेवलं, मग एक समजूतदार अधिकारी भेटले, त्यांनी फोटो बघून स्वतः जाणकार माणूस आणला. त्या माणसानं कानातून थेंब थेंब तेल सोडलं, एक रात्र तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी लाकडी दांड्याच्या टोकाला लावलेल्या मळसूत्रानं आतलं हळूहळू ओढून काढलं. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो. आधी काथ्याचा घट्ट बोळा आला, काळा पडलेला. मग दारू, तिळाच्या वडीसारखी बसलेली, तुकड्या तुकड्यानं. ते म्हणाले की तेल पोचलं नाही तिथली कोरडीच आहे, पेटली असती. आणि मग नळी रिकामी. गोळी नव्हतीच, छर्रे पण नाहीत. ते म्हणाले हा मारायचा बार नाही, हा नुसता आवाजाचा बार.

मी आजीला विचारलं, तिचं वय ८८. काकांनी सांगितल्याप्रमाणं मोबाईल लावून ठेवला. आजी म्हणाली की दसऱ्याला पालखी शिलंगणाला माळावर गेली की आपल्या घरचा बार निघायचा, तो निघाल्याशिवाय आपट्याला कुणी हात लावायचं नाही. माझ्या लग्नानंतरचा दुसरा दसरा, खंडेनवमीच्या संध्याकाळी मामंजींनी बंदूक भरून ठेवली आणि त्याच रात्री ते गेले. सुतकात कसलं शिलंगण. बाराव्यानंतर कुणीतरी ती वर ठेवून दिली. पुढच्या वर्षीपासून नुसती पूजा. बार काढायला माणूसच राहिला नाही, असं म्हणाली आणि बराच वेळ गप्प बसली.

आडव्या टॉर्चनं अक्षरं पण लागली. "श्री", मग एक घासलेला शब्द, आणि पुढं "नग ७". रंजकदाणी काकांना फोटो पाठवला, ते म्हणाले हा कुठल्यातरी शिलेखान्यातला, म्हणजे शस्त्रागारातला, नंबर आहे, म्हणजे अशा निदान सात तरी होत्या. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आणि न्यू पॅलेसला जाऊन तशी टिंबांची अक्षरं तिथल्या कुठल्या बंदुकीवर आहेत का ते बघायचंय, या रविवारी चुलतभावाला घेऊन जातोय, तोच आता जास्त मागं लागलाय.

बंदूक सध्या पोलिसांकडं जमा आहे, पावती आहे, तपासणीचा कागद यायचाय. १८ हजारवाला परत आला नाही. काथ्याचा तो बोळा मी मागून घेतला, कागदाच्या पाकिटात घातला, वर तारीख, आजीचं नाव आणि ती बोलली ते चार ओळींत लिहून ठेवलंय. या खंडेनवमीला पाटावर तेवढंच असेल, आणि उदबत्ती लांब.